टेस्टचा निकाल लागला की भाऊ गेममध्ये, रिटर्नची तारीख आली की मी शॉपिंग ॲपवर. हे टेन्शन म्हणायचं की व्यसन?

कऱ्हाडची_ताई

नमस्कार मंडळी. बरेच दिवस विचारू की नको असं चाललं होतं, आज लिहितेच. मी पुण्यात एका सीएंच्या ऑफिसात काम करते, धाकटा भाऊ एमपीएससी करतोय, दोघं सदाशिव पेठेत एकाच खोलीत राहतो. पोरगा कष्टाळू आहे, सकाळी सातला अभ्यासिकेत जातो ते रात्रीच येतो. पण टेस्ट सिरीजचा निकाल आला आणि मार्क पडले, किंवा ग्रुपवर परीक्षा पुढे गेल्याची नुसती चर्चा जरी सुरू झाली, की त्या रात्री तो बॅटल रॉयलवाला गेम उघडणार म्हणजे उघडणार, आणि मग पहाटे तीन-चारपर्यंत डोकं वर नाही. दुसऱ्या दिवशी अभ्यासिका बुडते, त्याचं वाईट वाटतं, आणि त्या रात्री परत तेच.

मला कोड्यात टाकणारी गोष्ट पुढे आहे. दिवाळीला गावी गेलो होतो. तिथे फोन होता, नेट होतं, वेळ तर भरपूर होता, तरी पठ्ठ्याने गेम उघडलासुद्धा नाही. मला वाटलं सुटलं. पुण्यात आलो, खोलीवर बॅग ठेवली, तो त्याच्या कॉटवर भिंतीला टेकून बसला आणि लगेच सुरू! विचारलं तर म्हणतो, ताई मला खेळायचं पण नव्हतं गं, हात गेला.

आणि आता माझं. 11 आणि 20 तारीख म्हणजे आमच्याकडे जीएसटी रिटर्नची धावपळ, क्लायंट शेवटच्या दिवशी बिलं पाठवतात, सर ओरडतात, घरी यायला दहा-साडेदहा होतात. मग आडवं पडल्यावर शॉपिंग ॲप उघडते, कुर्ते, डबे, काहीबाही. ऑर्डर दिली की जरा मोकळं वाटतं. पण पार्सल आलं की उघडायचीही इच्छा नसते, कॉटखाली तसेच पडलेत. इतर दिवशी त्या ॲपची आठवणही येत नाही मला.

बाबा म्हणतात त्याचा फोन काढून घे आणि साधा बटणाचा दे. माझ्याबद्दल त्यांना माहीत नाही. टेन्शन आलं की नेमकं हेच का होतं, आणि गावी का होत नाही? फोन काढून घेऊन उपयोग होईल का? कुणाला यातलं कळत असेल तर सांगा प्लीज.

मनमोकळं_नगर

कऱ्हाडताई, मी समुपदेशनाचं काम करते, त्यामुळे जरा लांबलचक लिहिणार आहे, सांभाळून घ्या.

तुमच्या भावाचं 'हात गेला' हे वाक्य खरं माना, तो बहाणा सांगत नाहीये. मेंदूत डोपामिन नावाचं रसायन सोडणाऱ्या पेशींवर वुल्फ्राम शुल्ट्झ नावाच्या शास्त्रज्ञाने माकडांवर प्रयोग केले होते, 1997 सालचा त्यांचा पेपर फार गाजला. माकडाला फळाचा रस दिला की सुरुवातीला त्या पेशी रस मिळाल्यावर जोरात पेटायच्या. मग रसाच्या आधी दरवेळी एक खूण दाखवायला लागले, दिवा म्हणा. काही दिवसांनी काय झालं, तर पेशी दिवा दिसल्याबरोबर पेटायला लागल्या आणि प्रत्यक्ष रस मिळाला तेव्हा गप्प. आणि दिवा लागून रस आलाच नाही तर नेहमीपेक्षाही खाली. म्हणजे सगळा जोर बक्षिसावरून उठून खुणेवर जाऊन बसतो.

आता तुमचे कॉटखालचे डबे बघा. ओढ सगळी ॲप उघडून ऑर्डर देईपर्यंत होती, पार्सल हातात आलं तेव्हा ती संपलेली होती. केंट बेरिज आणि टेरी रॉबिन्सन या दोन शास्त्रज्ञांनी 1993 पासून हेच मांडलंय की एखादी गोष्ट हवीशी वाटणं आणि ती मिळाल्यावर आवडणं ही मेंदूतली दोन वेगळी कामं आहेत, आणि सवय व्यसनाकडे झुकते तेव्हा हवंसं वाटणं वाढतच जातं, आवडणं मात्र तिथेच राहतं नाहीतर कमी होतं. भाऊ म्हणतो खेळायचं नव्हतं तरी खेळलो, ते हेच.

गावाचं. व्हिएतनाम युद्धातून परत आलेल्या अमेरिकन सैनिकांचा 1971 पासून ली रॉबिन्स यांनी अभ्यास केला. तिकडे असताना साधारण पाचातला एक जण हेरॉइनसारख्या नशेत पूर्ण अडकलेला होता. सगळ्यांना भीती होती की ही पोरं घरी आल्यावर देशाचं काय होणार. पण घरी आल्यानंतर पहिल्या वर्षात त्या अडकलेल्यांपैकी जेमतेम 5 टक्के पुन्हा अडकले. ती जागा, ते सोबती, ती भीती, सगळंच मागे राहिलं होतं. तुमच्या गावच्या घरात ती कॉट नाही, ती भिंत नाही, टेस्टचा निकाल नाही, रात्रीचे साडेदहा तिथे वेगळे असतात. आणि पुण्यात आल्यावर लगेच का, तर खुणेचा संबंध पुसला जात नाही, नुसता झाकला जातो, जुन्या जागी परत गेलं की तो जसाच्या तसा वर येतो. मार्क बाउटन यांचं बरंच काम यावर आहे. म्हणून गावी सुटलं होतं असं समजून भावावर चिडू नका, तिथे त्याची परीक्षाच झाली नव्हती.

टेन्शनचं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. जर्मनीत श्वाबे आणि वोल्फ यांनी 2009 मध्ये एक प्रयोग केला, काही लोकांना बर्फाच्या पाण्यात हात घालायला लावून, वर कुणीतरी समोर उभं राहून बघतंय, असा ताण दिला. मग बटणं दाबून खायचं मिळवायला शिकवलं आणि नंतर त्यातला एक पदार्थ पोटभर खायला घातला. ज्यांना ताण नव्हता त्यांनी त्या पदार्थाचं बटण दाबणं कमी केलं, पोट भरलंय तर कशाला. ताण घेतलेले मात्र दाबतच राहिले. ताणात मेंदू 'मला आत्ता हे हवंय का' हा हिशोब सोडून देतो आणि पाठ झालेलं करतो. पोर्तुगालमध्ये तर डॉक्टरकीच्या पुढच्या प्रवेश परीक्षेची तयारी करणाऱ्या पोरांवरच असा अभ्यास झालाय (2012), महिनोन्महिने अभ्यासाचा ताण असलेली पोरं अशीच सवयीने वागत होती, आणि परीक्षा होऊन सहा आठवडे विश्रांती मिळाल्यावर पुन्हा पूर्ववत झाली. हे मी एमपीएससीवाल्या मुलांच्या पालकांना मुद्दाम सांगते, कारण हे परत वळवता येतं.

फोन काढून घेण्याबद्दल नंतर लिहिते, आत्ता पेशंट आलेत.

पुश_पाठवणारा

मी ॲपच्या धंद्यात आहे, नोटिफिकेशन कुणाला कधी पाठवायचं हेच आमच्या टीमचं काम, कंपनीचं नाव विचारू नका. वरच्या ताईंनी दिवा-रस सांगितलं, तो दिवा बनवणारी माणसं आम्ही.

तुम्ही रात्री दहानंतर ॲप उघडता हे ॲपला कळतं. महिन्यातल्या कुठल्या दिवसांत जास्त उघडता हेही नोंदवलेलं असतं. तुम्हाला कसलं टेन्शन आहे हे त्याला माहीत नसतं आणि माहीत असायची गरजही नसते, 'या व्यक्तीला अमुक वेळी पाठवलं तर ती उघडते' एवढं पुरतं. म्हणून 20 तारखेच्या रात्री 'तुमचं कार्ट वाट बघतंय' येतं आणि तुम्हाला वाटतं योगायोग आहे. लाल ठिपका, उलटं चालणारं घड्याळ, 'फक्त 2 शिल्लक', सगळं त्यासाठीच. गेममध्ये रोज लॉगिन केलं की काहीतरी मिळतं, एक दिवस चुकला की साखळी तुटते, आणि पेटीतून काय निघेल ते आधी कळत नाही. हे शेवटचं फार जुनं आहे, स्किनर आणि फर्स्टर यांनी 1957 मध्ये कबुतरांवर दाखवून ठेवलंय, दाणा कितव्या टोचीला मिळेल याचा नेम नसला की कबुतर सगळ्यात जास्त चिकाटीने टोचतं आणि दाणा बंद झाला तरी लवकर थांबत नाही. बेल्जियमने 2018 मध्ये पैसे देऊन उघडायच्या अशा पेट्यांना जुगार ठरवलं ते उगाच नाही.

आपल्याकडे ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2023 च्या नोव्हेंबरात डार्क पॅटर्नबद्दल, म्हणजे ग्राहकाला फसवून काहीतरी करायला लावणाऱ्या ॲपच्या युक्त्यांबद्दल, नियम काढलेत, 13 प्रकार आहेत त्यात, पहिलाच खोटी घाई लावण्याचा. 'फक्त 2 शिल्लक' खोटं असेल तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. करा खरंच, लोक करत नाहीत.

आणि हे आजच करा ताई. ॲपचे नोटिफिकेशन सेटिंगमधून पूर्ण बंद, फक्त 'ऑफर' बंद करून भागत नाही कारण कंपन्या ऑफर दुसऱ्या कॅटेगरीतून पाठवतात. सेव्ह केलेलं कार्ड आणि पत्ता काढून टाका, दरवेळी टाइप करायला लागला पाहिजे. कार्टमध्ये काही ठेवू नका, विशलिस्टमध्ये टाका आणि 21 तारखेला सकाळी बघा हवंय का. प्रमोशनचे एसएमएस डीएनडी लावून बंद करा. ॲप काढून टाकलं तर सगळ्यात बरं, ब्राउझरमधून खरेदी करायची झाली तर करता येतेच, पण मध्ये चार पायऱ्या येतात आणि त्या चार पायऱ्यांत माणूस विचार करतो. आमच्या धंद्यात आम्ही वर्षभर एक पायरी कमी करायला झटतो, यावरून त्या पायरीची किंमत समजा.

सोलापुरी_काका

सगळं वाचलं. माकडं, कबुतरं, सैनिक. मला एकच कळतं, आमच्या वेळीही परीक्षा होत्या, नापास व्हायचो, घरची परिस्थिती बेताची, पण हात आपोआप कुठे गेला नाही. मनावर ताबा हवा. वडील म्हणतायत ते बरोबर आहे, फोन काढून घ्या, महिनाभर आरडाओरडा करेल आणि मग सरळ होईल. प्रत्येक गोष्टीला मेंदूचं कारण द्यायला लागलो तर पोरं जबाबदारी कधी घेणार? राग मानू नका, काळजीपोटी लिहितोय.

पूर्व_मुख्य_मुलाखत

काका, आदराने सांगतो, मी पण पेठेतच तयारी करतोय. तुमच्या वेळी परीक्षेची तारीख लागली की ती व्हायची असं माझे बाबाही सांगतात. आमच्याकडे 25 ऑगस्ट 2024 ची राज्यसेवा पूर्व, त्याच दिवशी आयबीपीएसचा, म्हणजे बँक भरतीचा, पेपर आला, पोरं रस्त्यावर बसली तेव्हा ती पुढे गेली. त्याआधी 2023 ला मुख्य परीक्षा वर्णनात्मक कधीपासून करायची यावर पुण्यात आंदोलन झालं, ती नवी पद्धत 2025 पर्यंत पुढे ढकलली. म्हणजे अभ्यास कशाचा आणि कुठल्या तारखेसाठी हेच महिनोन्महिने ठरत नव्हतं. घरून पैसे येतायत, गावातले लोक विचारतायत काय झालं साहेब, लहान बहिणीचं लग्न थांबलंय. असं असताना जो माणूस संध्याकाळी अभ्यासिकेतून खोलीवर येतो ना, त्याला अर्ध्या तासात कळणारा निकाल हवा असतो. गेममध्ये मॅच अर्ध्या तासात संपते, तुझा नंबर कितवा ते स्क्रीनवर येतं, चार जणांची स्क्वॉड आहे, हेडफोनवर कुणीतरी 'भावा भारी खेळलास' म्हणतं. एमपीएससीत तीन-तीन वर्षं कुणी असं म्हणत नाही हो.

ताई, भावाला एक विचारा, तो कुणाबरोबर खेळतो. ते जर शाळेचे मित्र असतील तर गेम बंद केला की त्याचं सगळं बोलणं-चालणं बंद होणार आणि खोलीत तो आणखी एकटा पडणार. आमच्या अभ्यासिकेतल्या तिघांनी ठरवलंय, टेस्टचा निकाल एकट्याने खोलीवर जाऊन बघायचा नाही, खाली चहाच्या टपरीवर सगळ्यांनी मिळून बघायचा आणि मग पर्वतीपर्यंत चालत जाऊन यायचं. खोलीवर पोचेपर्यंत तो पहिला जाळ गेलेला असतो. शंभर टक्के गेम सुटला असं नाही म्हणणार, पण पहाटे चारपर्यंत कुणी बसत नाही आता.

आणि अजून एक, तो पैसे लावून काही खेळतो का हे नीट बघा, हळूच. रमी, फँटसी टीम वगैरे. 2025 च्या ऑगस्टमध्ये केंद्राने पैशांच्या ऑनलाइन गेमवर बंदीचा कायदा केलाय पण पोरं बाहेरच्या साइट शोधतात. त्यात उधारी होते आणि उधारीचं टेन्शन परत खेळायला लावतं, मग ते प्रकरण निराळंच होतं.

नाशिककर_वहिनी

सोलापूरच्या काकांना उत्तर म्हणून नाही, पण आमच्या नणंदेच्या घरी झालेलं सांगते. मुलगा बारावीत, घरच्यांनी एके रात्री फोन हातातून ओढून घेतला. त्याने आधी आदळआपट केली, मग मित्राचा जुना फोन आणून गादीखाली लपवला, आणि घरात बोलणंच बंद. आई दारात आली की त्याच्या अंगावर काटा यायचा म्हणे. म्हणजे ज्या आईजवळ टेन्शन सांगायचं तिच्या चाहुलीचंच टेन्शन, आणि टेन्शन आलं की गेम. त्यांच्याकडे फरक पडला तो वडिलांनी जेवताना मार्कांचा विषय काढणं थांबवलं तेव्हा. आणि रात्री सगळ्यांचेच फोन, आजोबांचासुद्धा, स्वयंपाकघरात चार्जिंगला. एकट्या मुलाचा नाही, सगळ्यांचे, हे महत्त्वाचं होतं असं नणंद सांगते.

मनमोकळं_नगर

परत आले. काका, जबाबदारीचं तुमचं म्हणणं मला मान्य आहे, कारण खुणा ओळखून त्या बदलायच्या तर कुणीतरी जबाबदारी घ्यावीच लागते, आणि ती भावानेच घ्यायला हवी. माझा आक्षेप ओढून घेण्याला आहे. फोन काढून घेतल्याने गेम तेवढा जातो, त्याआधीचा ताण तसाच राहतो, वर अपमानाची भर पडते. वहिनींनी लिहिलंय तेच मी दर आठवड्याला बघते.

कऱ्हाडताई, आता व्यसन की नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या यादीत, जी 1 जानेवारी 2022 पासून लागू झाली, गेमिंगचा विकार आहे. त्यात तास मोजत नाहीत. खेळण्यावर ताबा राहत नाही, खेळणं बाकी सगळ्याच्या आधी येतं, आणि नुकसान दिसत असूनही चालूच राहतं किंवा वाढतं, हे तिन्ही आणि साधारण वर्षभर, आणि त्यामुळे शिक्षण, नाती, काम यावर मोठा परिणाम, तेव्हा निदानाचा विचार करतात. तुम्ही लिहिलंय त्यावरून भाऊ बहुतेक दिवस सातला अभ्यासिकेत पोचतोय, गावी दिवाळी बिनगेमची गेली. मी न बघता निदान करणार नाही, पण ही वेळेवर लक्ष देण्यासारखी गोष्ट आहे, घाबरण्यासारखी नाही. खरेदीसाठी त्या यादीत गेमिंगसारखं स्वतंत्र निदान नाही, तरी त्रास खरा असतो आणि त्यावर उपचार करतात. तुमचाही त्रास खरा आहे ताई, भावाच्या प्रश्नामागे तो ठेवून देऊ नका.

करायचं काय, तर खोलीतली जागा हलवा. त्याची कॉट दुसऱ्या भिंतीला लावा, फोनचं चार्जिंग दाराजवळ, झोपायच्या जागी नाही. हसाल, पण करून बघा, कारण रोज त्याच कोपऱ्यात तेच झालंय. निकाल बघायची जागा बदलायची, वरच्या दादाने फार छान सांगितलंय. खेळायचंच असेल तर चांगल्या दिवशी, रविवारी दुपारी, ठरवून, मित्रांबरोबर, म्हणजे ताण आणि गेम यांची गाठ सैल होते. आणि निकालाच्या रात्री ओढ आली तर ती दाबायच्या मागे न लागता वीस-पंचवीस मिनिटं नुसतं तिच्याकडे बघायचं, ती चढते आणि उतरते, त्या वेळात कुणाला तरी फोन, चक्कर, अंघोळ, काहीही. पहिल्या काही वेळा फार जड जातं हे त्याला आधीच सांगा, नाहीतर त्याला वाटेल आपल्यालाच जमत नाही. झोप मात्र पहिली दुरुस्त करा, जागरण झालेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी ताण दुप्पट लागतो.

तरीही जमलं नाही, किंवा तो फार निराश बोलायला लागला, तर 14416 हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर आहे, सरकारी, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहेच, अनिल आणि सुनंदा अवचटांनी 1986 मध्ये सुरू केलेलं, दारूपुरतं नाही, मोबाईलच्या व्यसनासाठीही तिथे जाता येतं. बंगळूरला निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेत 2014 पासून यासाठी वेगळं क्लिनिक चालतं.

कऱ्हाडची_ताई

सगळ्यांचे मनापासून आभार, दोनदा वाचलं. काल रात्री भावाला नुसतं विचारलं की तू कुणाबरोबर खेळतोस, तर तासभर बोलत होता. शाळेतला एक मित्र आहे, तो आता सुरतला कामाला असतो, दोघांचं बोलणं फक्त गेममध्येच होतं. पैसे लावून काही नाही, ते त्याने स्वतःहून दाखवलं. कॉट आम्ही हलवतोय रविवारी. शॉपिंग ॲप मी काढलं, पुशवाल्या दादांनी सांगितलेलं कार्ड पण काढलं. ते काढताना किती जीवावर आलं हे बघून मलाच नवल वाटलं.

बाबांना कसं सांगायचं तेवढं राहिलंय. त्यांना मेंदूबिंदू सांगितलं तर म्हणतील पुस्तकी आहे.

सोलापुरी_काका

पोरी, वडिलांना मेंदूचं सांगू नकोस. त्यांना दिवाळीची आठवण दे, गावी असताना पोराने गेमला हात लावला नव्हता हे त्यांनी डोळ्यांनी बघितलंय. आणि पुण्याला एकदा येऊन चार दिवस राहा म्हणावं, निकालाच्या आठवड्यात. तो अभ्यासिकेतून येतो तेव्हा घरात कुणीतरी असू दे. मार्क विचारायचे नाहीत ही वहिनींची अट मी माझ्याकडूनही घालतो.

पूर्व_मुख्य_मुलाखत

ताई, भावाला आमच्या टपरीवर पाठवा, ग्रुपमध्ये एक जागा आहे. मेसेज करा, अभ्यासिकेचं नाव तिकडे सांगतो.